धडा वाचला, पण कळला का?

बेला, जैनथ भागातल्या मराठी माध्यमाच्या शाळांत सातवीचं पोर धडा घडाघडा वाचतं. अर्थ विचारला की बऱ्याचदा गप्प. एक शब्द बघा. मराठीत ‘प्रपंच’ म्हणजे घरसंसार, तेलुगूत ‘प्रपंचम्’ म्हणजे जग. तेलुगू तर 2018 च्या कायद्याने तेलंगणात सक्तीचीच. मग गोंधळ होणारच की!

वाचता येतं पण कळत नाही, अशाच सातवीच्या मुलांसोबत अमेरिकेत पॅलिन्सर आणि ब्राऊन यांनी काम केलं, 1984 मध्ये ते छापून आलं. उतारा वाचून थोडक्यात सांगायचं, स्वतः प्रश्न काढायचा, अडलेला शब्द उलगडायचा, पुढं काय येईल याचा अंदाज बांधायचा. आधी गुरुजी करून दाखवतात, मग पोरं पाळीपाळीने ‘गुरुजी’ होतात. खर्च काहीच नाही. वेळ मात्र लागतो, आणि पोर्शन संपवायच्या घाईत तोच सापडत नाही.