पिल्लू उडालं, पण प्रयोग यशस्वी झाला का?

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "तुमचं काम यशस्वी झालं हे तुम्ही कशावरून ठरवणार?" बरेच जण इथे पद्धत सांगायला लागतात. सॅम्पल किती, सॉफ्टवेअर कुठलं, टेस्ट कुठली. खरं तर विचारलेलं असतं वेगळंच: मोजणार काय, आणि तेच का?

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण उत्तर अमेरिकेतल्या पाणथळ जागांमधलं आहे. हूपिंग क्रेन नावाचा क्रौंच पक्षी वाचवण्यासाठी तिथे पन्नासहून जास्त वर्षं खटपट चालू आहे. अंडी गोळा करायची, पिल्लं वाढवायची, निसर्गात सोडायची. पद्धत अनेकदा बदलली. प्रत्येक पद्धतीने एक अडचण सोडवली आणि तिच्या मागे दडलेली पुढची अडचण उघडी पाडली. म्हणूनच संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट वाचावी असं मला वाटतं, मग तुमचा विषय पक्षी असो वा पॉलिमर.

आधी पार्श्वभूमी

हूपिंग क्रेन पांढराशुभ्र, उभा राहिला की साधारण दीड मीटर उंच. आपल्या सारसाचा नातेवाईकच. शिकार झाली, शेतीसाठी पाणथळ जमिनी आटवल्या गेल्या, आणि १९४१ सालापर्यंत निसर्गात जेमतेम वीस-बावीस पक्षी उरले. त्यातले पंधरा-सोळा टेक्सासमधल्या अरान्सासच्या किनाऱ्यावर हिवाळा काढायचे. उन्हाळ्यात ते घरटी नेमकी कुठे करतात हे १९५४ पर्यंत कुणाला माहीत नव्हतं. मग कॅनडातल्या वूड बफेलो राष्ट्रीय उद्यानात ती जागा सापडली.

संरक्षण मिळाल्यावर हा थवा हळूहळू वाढू लागला. पण सगळी प्रजात एकाच थव्यात असणं धोक्याचं. एखादं मोठं वादळ किंवा किनाऱ्यावर तेलगळती झाली की संपलं. म्हणून दुसरा, वेगळा थवा उभा करायचं ठरलं.

इथे पक्ष्याच्या एका सवयीचा फायदा झाला. मादी साधारण दोन अंडी घालते, पण बहुतेक वेळा एकच पिल्लू जगतं. म्हणजे दुसरं अंडं उचललं तर मूळ थव्याचं फारसं नुकसान होत नाही. १९६७ पासून अशी अंडी मेरीलँडमधल्या पटक्सेंट संशोधन केंद्रात आणून उबवायला सुरुवात झाली. अंड्यांचा प्रश्न सुटला. आता पिल्लाला वाढवणार कोण?

पहिला प्रयत्न: परक्या घरट्यात

उत्तर अमेरिकेत सँडहिल क्रेन नावाचा दुसरा क्रौंच भरपूर आहे. १९७५ पासून आयडाहो राज्यातल्या ग्रेज लेक इथे हूपिंग क्रेनची अंडी सँडहिलच्या घरट्यांत ठेवली गेली. कल्पना सुंदर होती. आई-बाप फुकटात मिळणार, अन्न शोधणं तेच शिकवणार, न्यू मेक्सिकोपर्यंतचा स्थलांतराचा रस्ताही तेच दाखवणार.

१९८८ पर्यंत २८९ अंडी ठेवली. ८५ पिल्लं उडण्याच्या वयापर्यंत पोचली. सँडहिल पालकांनी त्यांना अन्न शोधायला शिकवलं, स्थलांतरही करून दाखवलं. 'किती पिल्लं उडाली' हाच निकष धरला तर हा प्रयोग बऱ्यापैकी जमला होता.

पण मोठे झालेल्या या पक्ष्यांनी एकमेकांशी जोडी जमवलीच नाही. त्यांचं लक्ष सँडहिलकडे. एक संकरित पिल्लू तेवढं झालं. शिवाय मरणारे पक्षीही बरेच होते. प्रयोग थांबवावा लागला.

कारण होतं इंप्रिंटिंग. कोनराड लॉरेन्झने हंसांवर केलेल्या कामामुळे ही संकल्पना आपल्याला बीएस्सीपासून माहीत असते: जन्मल्यावर सुरुवातीला जे हलताना दिसतं त्याच्या मागे पिल्लू चालतं. परीक्षेत आपण इथेच थांबतो. पण इंप्रिंटिंगचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. लहानपणी कुणासोबत वाढलो यावरून पक्षी पुढे जोडीदार कुणात शोधायचा हेही ठरवतो. हा परिणाम दिसायला काही वर्षं जावी लागतात, कारण क्रौंच तीन-पाच वर्षांचे होईपर्यंत घरटं करत नाहीत. म्हणजे पहिल्याच वर्षी झालेली चूक आकड्यांत यायला निम्मं दशक लागतं!

याच काळातली टेक्स नावाच्या मादीची गोष्ट प्रसिद्ध आहे. प्राणिसंग्रहालयात माणसांच्या हातात वाढल्यामुळे तिला क्रौंच नर नकोच असायचा. इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशनचे सहसंस्थापक जॉर्ज आर्चिबाल्ड तिच्यासोबत क्रौंचांचा प्रणयनाच नाचायचे, मग ती अंडं द्यायची. कृत्रिम रेतनाने १९८२ साली एक पिल्लू झालं, 'जी व्हिझ'. ऐकायला गोड, पण दर मादीमागे एक नाचणारा शास्त्रज्ञ ठेवून प्रजात वाचत नसते.

दुसरा प्रयत्न: माणूस लपवा

मग वेशातलं संगोपन आलं. विस्कॉन्सिनमधल्या याच फाउंडेशनमध्ये १९८०च्या दशकात सँडहिलच्या पिल्लांवर ही पद्धत आधी तपासली गेली. सांभाळणारा माणूस पांढरा सैल झगा घालतो, चेहरा झाकतो, हातात क्रौंचाच्या डोक्याची बाहुली धरतो. त्या बाहुलीच्या चोचीने पिल्लाला खाणं दाखवतो. पिल्लासमोर एक शब्द बोलायचा नाही; आवाज ऐकवायचा तो ध्वनिमुद्रित क्रौंचाचा. शेजारच्या पिंजऱ्यात खरे प्रौढ क्रौंच दिसतील अशी सोय असते, म्हणजे 'आपण असे दिसतो' हे पिल्लाला कळतं.

यात किचकट कामं खूप. पिल्लं एकमेकांना टोचून मारूही शकतात, म्हणून सुरुवातीला वेगळी ठेवायची. पाय झपाट्याने वाढतात, वाढ बिघडली तर वाकतात, म्हणून रोज चालवायचं आणि छोट्या तलावात पोहायला लावायचं.

इंप्रिंटिंगचा प्रश्न यातून बराच सुटला. पण वेश घातलेला माणूस पिल्लाला 'माणूस आई नाही' एवढंच नीट शिकवू शकतो. क्रौंच आई जे शंभर गोष्टींत न सांगता शिकवते, त्याचं काय? १९९३ पासून फ्लोरिडात स्थलांतर न करणारा थवा बसवायला सुरुवात झाली, तेव्हा सोडलेल्या कितीतरी पक्ष्यांना बॉबकॅट नावाच्या रानमांजराने खाल्लं. रात्री उथळ पाण्यात उभं राहिलं तर शिकारी जवळ येताना आवाज होतो, ही साधी गोष्ट त्यांना कुणी दाखवलीच नव्हती. मग पाण्यात रात्र काढायची सवय आधीच लावली जाऊ लागली. तरीही दुष्काळ, मृत्यू आणि कमी प्रजनन यांमुळे तो थवा स्वतःच्या बळावर उभा राहिला नाही.

तिसरा प्रयत्न: विमानामागे

क्रौंचाचं पिल्लू स्थलांतराचा रस्ता मोठ्यांकडून शिकतं. मोठेच नसतील तर? २००१ साली 'ऑपरेशन मायग्रेशन' या गटाने वेशातल्या वैमानिकांच्या हलक्या अल्ट्रालाइट विमानांमागे पिल्लं उडवत विस्कॉन्सिनमधल्या निसीडाहून फ्लोरिडापर्यंत नेली. जवळजवळ दोन हजार किलोमीटर. पिल्लं अंड्यात असल्यापासून त्यांना इंजिनाचा आवाज ऐकवलेला असायचा. आणि वसंतात पक्षी स्वतःचे स्वतः परत आले! रस्ता एकदाच दाखवावा लागला.

या थव्यावरचा २०१३ सालचा 'सायन्स'मधला एक पेपर मी प्रत्येक ज्युनियरला वाचायला सांगते. थॉमस म्युलर आणि सहकाऱ्यांनी विचारलं: सरळ रस्त्यावरून पक्षी किती भरकटतो, आणि ते कशावर ठरतं? गटाचा आकार, पक्ष्यांमधलं नातं, की वय? उत्तर निघालं, गटातल्या सगळ्यात मोठ्या पक्ष्याचं वय. सात वर्षांचा एखादा पक्षी सोबत असेल तर गट फक्त एक वर्षाच्या पक्ष्यांच्या गटापेक्षा ३८ टक्के कमी भरकटत होता. गटाचा आकार किंवा नातं यांचा असा परिणाम दिसला नाही.

हे निसर्गातल्या साध्या थव्यात कळलं असतं का? कठीण होतं. तिथे मुलं आपल्याच आई-बापासोबत उडतात, त्यामुळे अनुवंश आणि शिकणं वेगळं काढता येत नाही. इथे प्रत्येक पक्ष्याचं वय, नातं आणि पहिला प्रवास माहीत होता. संवर्धनासाठी केलेल्या उद्योगातून एक दुर्मीळ प्रयोग आपोआप तयार झाला होता, फक्त तो ओळखणारं कुणीतरी हवं होतं.

आणि मग घरटी

एव्हाना पिल्लं जगत होती, उडत होती, येत-जात होती, आपल्याच जातीत जोड्या करत होती, अंडीही घालत होती. पण निसीडातल्या जोड्या अंडी उबवता उबवता घरटं सोडून निघून जायच्या. कारण काय? दोन तर्क पुढे आले.

एक: हे पक्षी बंदिस्त जागेत वाढलेले आहेत, त्यांना पालकत्व जमत नाही.

दोन: निसीडात वसंतात चावऱ्या काळ्या माश्यांचे थवे उठतात. त्या घरट्यावर बसलेल्या पक्ष्याला इतक्या चावतात की तो उठून जातो.

आता अडचण बघा. तिथला जवळजवळ प्रत्येक पक्षी बंदिस्त वाढलेला, आणि प्रत्येक घरटं माश्यांच्या इलाख्यात. दोन्ही कारणं एकमेकांत मिसळलेली. कंट्रोल गट नाही. यालाच आपण कन्फाउंडिंग म्हणतो. अशा वेळी वाद न घालता विचारायचं: दोन्ही तर्कांची भाकितं कुठे वेगळी पडतात? माश्या दोषी असतील तर घरटी माश्यांच्या उद्रेकाच्या दिवसांत, एकदमच सोडली जायला हवीत. तसं दिसत होतं. आणि माश्या कमी केल्या तर घरटी टिकायला हवीत. २०११ आणि २०१२ मध्ये माश्यांच्या अळ्या मारणारा बीटीआय हा जिवाणूजन्य घटक नदीत वापरून पाहिला, आणि घरटी सोडणं कमी झालं. नवे पक्षी विस्कॉन्सिनच्या पूर्वेकडच्या, माश्या कमी असलेल्या पाणथळींत सोडायला सुरुवात झाली.

म्हणजे माश्यांचा तर्क जिंकला? पूर्ण नाही. घरटी टिकली, अंडी फुटली, पण बहुतेक पिल्लं उडण्याच्या वयाआधीच मरत राहिली. पहिला तर्क मेला नव्हता, पुढच्या पायरीवर जाऊन बसला होता.

२०१६ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने विमानांचा कार्यक्रम थांबवला. पंधरा वर्षांत या पूर्वेकडच्या थव्यात वेगवेगळ्या पद्धतींनी सुमारे अडीचशे पक्षी सोडले गेले होते. निसर्गात जन्मून उडण्यापर्यंत पोचलेली पिल्लं होती अवघी दहा. लोकांनी देणग्या दिल्या होत्या, वैमानिकांनी आयुष्याची वर्षं दिली होती, शाळेतली मुलं दर शरद ऋतूत तो प्रवास बघायची. निर्णयावर बराच राग व्यक्त झाला. पण आकडा आकडाच असतो.

त्यानंतर भर आला पालक-संगोपनावर: बंदिस्त जागेतल्या क्रौंच जोडीनेच पिल्लू वाढवायचं, आणि शरद ऋतूत ते पिल्लू नसलेल्या मुक्त जोडीजवळ सोडायचं. यात पिल्लं कमी मिळतात, कारण एक जोडी साधारण एकच पिल्लू वाढवते. ती पुढे चांगले पालक होतील का, याचं उत्तर सावकाशच मिळणार.

आणि मूळ थवा? त्याच्यासाठी मुख्यतः जागा राखली, शिकार थांबवली, वाट पाहिली. तो आज पाचशेच्या वर आहे.

प्रपोजल लिहिताना

तुमच्या कामाची अशी पायऱ्यांची साखळी कागदावर काढा. इथे ती अंडं, पिल्लू, उड्डाण, स्थलांतर, जोडी, घरटं आणि पिल्लाचं पिल्लू अशी होती. मग तीन गोष्टी लिहा. तुम्ही कुठल्या पायरीवर मोजणार आहात? तीच पायरी निवडली ती महत्त्वाची म्हणून, की तीन वर्षांच्या फेलोशिपमध्ये तेवढंच मोजता येतं म्हणून? दुसरं कारण असेल तरी चालेल, पण तसं स्पष्ट लिहा आणि निष्कर्ष त्या पायरीपुढे ताणू नका. तिसरं, पुढच्या पायरीवर काय बिघडू शकतं आणि त्याची खूण आत्ताच कुठे दिसेल?

हा प्रश्न आपल्यापासून लांबचा नाही. सोलापूरजवळच्या नान्नजमुळे आपल्याला माहीत असलेला माळढोक आता भारतात फार थोडा उरला आहे. राजस्थानात जैसलमेरजवळ सम इथे २०१९ पासून त्याची अंडी निसर्गातून आणून उबवली जातात, पिल्लं हातावर वाढवली जातात. तिथे जन्मलेल्या पिल्लाची बातमी आली की आपण सगळे खूश होतो, आणि व्हायलाच हवं. पण क्रौंचांचा अनुभव माळढोकाला जसाच्या तसा लावता येणार नाही. क्रौंचांत नर-मादी जोडीने पिल्लू वाढवतात. माळढोकात मादी एकटीच वाढवते. मग माळढोकाचं पिल्लू आईकडून नेमकं काय शिकतं, आणि हातावर वाढताना त्यातलं काय राहून जातं?

विषय शोधत असाल, तर हा घ्या. सातव्या पायरीवरचा आहे, वेळ लागेल.