हळदीच्या गोदामातील अदृश्य वायू

हिंगोली जिल्ह्यातील वसमत हे हळदीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले शहर. साठवणीतील हळकुंडे बारीक तपकिरी भुंगेरे पोखरतात. अशा साठ्याची कीड मारण्यासाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात. पोत्यांची थप्पी वायुरोधक आवरणाने झाकून आत गोळ्या ठेवल्या, की हवेतील ओलाव्याशी त्यांची रासायनिक क्रिया होऊन फॉस्फीन वायू बाहेर पडतो.

हा वायू किडीप्रमाणेच माणसालाही घातक आहे. ३ ग्रॅमच्या एका गोळीपासून १ ग्रॅम, म्हणजे सुमारे ०.७ लिटर फॉस्फीन तयार होतो. ५०० घनमीटरच्या बंद खोलीत तो पसरला, तर हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे १.४ भाग होतात. आठ तास काम करणाऱ्यासाठी मर्यादा आहे अवघी ०.३ भागाची!

मग वासावरून धोका ओळखता येईल का? नाही. शुद्ध फॉस्फीनला वास नसतो. लसणासारखा वास येतो तो त्यातील अशुद्ध घटकांमुळे. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ अडवतो, वायू नव्हे. गोळ्यांवर पाणी ओतणे तर अधिकच धोक्याचे; वायू एकदम सुटून पेट घेऊ शकतो.

म्हणून हे काम प्रशिक्षित माणसांनीच, योग्य मुखवटा लावून करावयाचे असते. गोदामाच्या दारावर धोक्याची पाटी हवी. धुरी संपल्यावर दारे-खिडक्या उघडून हवा खेळती ठेवावी. या विषबाधेवर खास असा उतारा नाही. तेव्हा वायुमापकाने खात्री करून घेतल्याशिवाय कोणीही आत पाऊल टाकू नये.