बंगल्यातले गॅरेज: गाडी, सामान आणि कामाचा बेंच

सांगली, कोल्हापूर, नाशिककडच्या बंगल्यांच्या आवारात गाडीसाठी एक वेगळी खोली असते. बांधताना तिला गॅरेज म्हणतात. चारपाच वर्षांत तिथे जुना कूलर, उरलेल्या फरश्या, रंगाचे डबे, मुलांच्या सायकली आणि गणपतीच्या मखराचे सामान जमते आणि गाडी फाटकाबाहेर उन्हात उभी राहू लागते. घरातली माणसे एकमेकांना दोष देतात, पण मूळ बहुतेक वेळा मांडणीत असते. वस्तू आत नेताना आपण ती कुठे मावेल एवढेच बघतो. वापरून झाल्यावर ती पुन्हा तिथेच ठेवणे किती सोपे आहे, हे कोणी बघत नाही. जी पक्कड ठेवायला स्टुलावर चढून दोन खोकी सरकवावी लागतात, ती पक्कड खिडकीच्या कठड्यावरच राहणार. म्हणून गॅरेज लावताना प्रत्येक वस्तूच्या परतीचा रस्ता आधी ठरवावा. पुढचे सगळे त्यावरून ठरत जाते.

सुरुवात मापापासून करू. समजा, गॅरेज १० फूट रुंद आणि १८ फूट लांब आहे. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्या ४ मीटरच्या आतल्या, कारण त्या लांबीपर्यंत कराची सवलत मिळत आली आहे. म्हणजे लांबी सुमारे १३ फूट आणि रुंदी, आरसे सोडून, साधारण साडेपाच ते पावणेसहा फूट. लांबीत ५ फूट उरतात, रुंदीत सव्वाचार. आपल्याकडे चालक उजवीकडून उतरतो, त्यामुळे नाक आत करून लावलेली गाडी डाव्या भिंतीकडे सरकवावी आणि उजवीकडे दार उघडून उतरायला अडीच फूट मोकळे ठेवावेत. बाकीच्यांना बाहेरच उतरवून मग गाडी आत घ्यावी.

कागदावरच्या आकड्यांवर विसंबू नये. गाडी रोज उभी राहील तशी आत लावा, उजवीकडची दारे आणि डिकी पूर्ण उघडा आणि दारांच्या टोकांखाली जमिनीवर खडूने रेघ मारा. डिकीचे झाकण वर कुठवर जाते तेही भिंतीवर खुणेने नोंदवा. गाडी बाहेर काढली की जमिनीवर जो आकार उरतो, तेवढी जागा गाडीची. तिथे काहीही उभे करायचे नाही. पुढच्या चाकांना अडवणारा एक ठोकळा जमिनीत पक्का केला की गाडी रोज त्याच जागी थांबते आणि पुढच्या बेंचला धक्का लागत नाही.

या खडूच्या नकाशावरून एक गोष्ट लगेच कळते. जमिनीवर जागा नाही, पण भिंतींवर भरपूर आहे. गाडीच्या दाराचा पसारा साधारण ५ फुटांच्या खालीच संपतो. त्यामुळे उजव्या भिंतीवर खाली ८ इंचांपेक्षा खोल काही लावता येत नसले, तरी ५ फुटांच्या वर दीड फूट खोल फळी आरामात बसते. बॉनेटच्या वरची पोकळी तर बहुतेक घरांत अगदी वायाच गेलेली असते. बॉनेट साडेतीन फुटांच्या आसपास संपते. त्याच्या वर, समोरची काच सोडून, एक आडवा माळा काढता येतो. वर्षातून एकदा लागणारे हलके सामान तिथे जावे: मखर, आकाशकंदील, प्रवासाच्या रिकाम्या बॅगा.

यानंतर सगळे बाहेर काढायचे. हे काम एप्रिल-मेमध्ये, अंगण कोरडे असताना करावे. भंगारात काय द्यायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. मी फक्त तीन गोष्टींबद्दल सांगतो. अर्धवट वापरलेले सिमेंटचे पोते ठेवू नका. सिमेंट हवेतला ओलावा ओढून घेते आणि पावसाळा उलटला की त्यात गाठी होतात. त्या फोडून वापरलेले सिमेंट ताकद धरत नाही. घरात लावलेल्या फरश्या मात्र प्रत्येक प्रकारच्या आठदहा नक्की ठेवा, कारण तीच छटा आणि तेच माप पुढे बाजारात मिळेलच असे नाही. त्या आडव्या न रचता कडेवर उभ्या, भिंतीला टेकवून, अगदी खाली ठेवाव्यात. आणि रंगाचा डबा ठेवायचा असेल तर खोलीचे नाव, छटेचा क्रमांक आणि वर्ष डब्याच्या अंगावर लिहा. झाकणावर लिहिले तर झाकणे बदलली की सगळाच गोंधळ.

रॅकसाठी भोकांचे लोखंडी अँगल सर्वांत सोयीचे. हा अँगल आपल्या इतका सवयीचा आहे की तो कोणीतरी शोधून काढला असेल असे मनातही येत नाही. ऑस्ट्रेलियात जन्मलेले ग्रीक वंशाचे अभियंते डेमेट्रियस कोमिनो यांचा लंडनला छापखाना होता. गरज बदलली की आधीची मांडणी मोडून टाकावी लागे, तेव्हा पुन्हा पुन्हा जुळवता येईल अशी पट्टी त्यांनी तयार केली आणि १९४७ च्या सुमारास ‘डेक्सियन’ या नावाने ती बाजारात आणली. बदलता येणे हाच तिचा गुण आहे, म्हणून फळ्यांमधले अंतर एकदा ठरवून विसरून जाऊ नये. सामान बघून नटबोल्ट काढावेत आणि फळी वरखाली करावी. दोन काळज्या घ्याव्यात. चारही कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या लावल्याशिवाय रॅक आडवा डुलतो, आणि वरच्या टोकाला भिंतीत पक्का केल्याशिवाय तो पुढे कलंडू शकतो. खालची फळी जमिनीपासून निदान एक फूट वर हवी. मागे भिंतीपासून दोन इंच फट ठेवली तर वाळवीची मातीची नळी चढताना दिसते. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या वस्त्यांनी २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिले आहेत. तिथे पाणी कुठवर आले होते त्याची खूण भिंतीवर असतेच. विजेची अवजारे आणि कागदपत्रे त्या खुणेच्या वरच असली पाहिजेत.

प्लायवूडची फळी किती लांब असावी? फळीवर सारखे वजन पसरलेले असेल तर तिचा झोल लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. टेकूंमधले अंतर दुप्पट केले, फुटामागे वजन तेवढेच ठेवले, तर झोल सोळापट. जाडी दुप्पट केली तर तो एक अष्टमांश होतो. म्हणून १९ मिलिमीटर प्लायला दर तीन फुटांवर आधार द्यावा आणि जाडीवर खर्च करण्याआधी एक टेकू वाढवावा. २० लिटर रंगाचा भरलेला डबा २५ किलोंच्या पुढे जातो, हे लक्षात असू द्यावे. भिंत जुनी, पक्क्या विटांची असेल तर साधे प्लग चालतात. हलक्या ब्लॉकच्या नव्या बांधकामात ते सैल होऊन निघून येतात. तिथे त्या ब्लॉकसाठीचेच प्लग घ्यावेत आणि आधी एक लाकडी पट्टी बऱ्याच स्क्रूंनी बसवून वजन त्या पट्टीवर टाकावे.

फळ्यांची खोली हा मला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वाटतो. दोन फूट खोल फळीवर एका वस्तूमागे दुसरी जाते आणि मागची वस्तू घरातून नाहीशी झाल्यासारखीच होते. मग ती पुन्हा विकत आणली जाते. रोजच्या सामानाला एक फूट पुरतो. खोक्यांवर खोकी नकोत. वरचे उचलायला लागले की खालचे बंदच राहते. डबे वस्तूंच्या जातीप्रमाणे लावण्यापेक्षा कामाप्रमाणे भरावेत. नळाच्या कामाच्या डब्यात टेफ्लॉन टेप, वॉशर, जुना स्पिंडल, पाइप पाना, हॅक्सॉचे पाते असे सारे एकत्र. विजेच्या डब्यात टेस्टर, चिकटपट्टी, होल्डर, वायर सोलायची पक्कड. नळ गळू लागला की एकच डबा उचलायचा आणि काम झाले की एकच डबा परत.

अवजारांसाठी भिंतीवर पाटी हवी. ‘५ एस’ची पद्धत जपानी कारखान्यांतून आली आणि पिंपरी-चिंचवड, भोसरी, सातपूरच्या कारखान्यांत काम केलेल्या माणसाला ती पाठ असते. तिथे पाटीवर प्रत्येक पान्यामागे त्याचा आकार रंगवलेला असतो. घरीही बारा मिलिमीटरच्या प्लायवर खिळे आणि हूक ठोकून, अवजार टांगून, मार्करने त्याची बाहेरची रेघ काढावी. संध्याकाळी एक नजर टाकली की रिकामा आकार दिसतो: आज गुण्या परत आलेला नाही. नेहमीची हत्यारे कोपर आणि खांदा यांच्या मधल्या पट्ट्यात टांगावीत. जड हातोडे खाली. एका हूकवर एकच अवजार.

कानशींना मात्र प्रत्येकीला वेगळी जागा द्या. कानशीचे दात फार कठीण आणि तितकेच ठिसूळ असतात. एका खणात एकमेकींवर पडल्या की दात तुटतात. कानशीला तेलही लावू नये, ती घसरते आणि दातांत कीस अडकून बसतो. कामाआधी साधा खडू घासला की कीस सहज सुटतो.

मागच्या भिंतीला बेंच. लांबीत उरलेल्या ५ फुटांतले २ फूट बेंचला, बाकी उभे राहायला आणि शटरच्या जागेला. अँगलचा सांगाडा आणि वर जुन्या सागवानी दाराची फळी असेल तर बेंच पिढ्यान्‌पिढ्या टिकेल. उंची मापाच्या पुस्तकातून घेऊ नये. बेंचजवळ ताठ उभे राहा, हात कोपरात वाकवा. व्हाइसच्या जबड्याची वरची कड कोपराच्या पातळीला आली पाहिजे. आयटीआयमध्ये फिटरच्या वर्गात पहिल्यांदा हेच बघतात. त्याहून उंच असेल तर कानस चालवताना खांदे भरून येतात, खाली असेल तर कंबर. रंधा मारायचा तर शरीराचे वजन वापरावे लागते, म्हणून त्यासाठी बेंच कोपरापेक्षा बराच खाली लागतो. हेच कारण की व्हाइस बेंचच्या वर बसवलेला असतो आणि रंध्याचे काम फळीवर होते. व्हाइस बसवताना त्याचा स्थिर जबडा बेंचच्या कडेच्या किंचित बाहेर यायला हवा. तसे केले तरच लांब पाइप किंवा पट्टी उभी धरता येते. आत बसवला तर ती बेंचच्या कडेला अडते आणि तिरकीच राहते.

आता ओलावा. लोखंडाला गंजायला प्राणवायू आणि पाणी लागते, आणि पाणी दिसले पाहिजे असे नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की गंजण्याचा वेग वाढू लागतो; आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. हाताच्या घामातले क्षार तो वेग आणखी वाढवतात, म्हणून बोटांचे ठसेच आधी तांबूस होतात. उपाय अवघड नाही. मृग लागण्याआधी एकदा आणि खंडेनवमीला हत्यारे पूजेसाठी खाली काढतो तेव्हा एकदा, पुसून मशिन ऑइलचा पातळ हात फिरवावा. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात; त्या भरल्या की ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वापरता येतात. आणि संडास-बाथरूमसाठी आणलेली ॲसिडची बाटली गॅरेजमध्ये ठेवूच नका. झाकण घट्ट असले तरी तिची वाफ झिरपते आणि बंद खोलीतले प्रत्येक पाते, प्रत्येक पाना तांबूस होऊन जातो. ब्लीचिंग पावडरच्या शेजारी तर ती मुळीच नको, दोन्ही मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. कोणतेही रसायन शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवणे हा घरातल्या लहान मुलाच्या जिवाशी खेळ आहे.

हवेचे झरोके दोन उंचींवर हवेत, आणि त्याला कारण आहे. पेट्रोल, थिनर, टर्पेंटाइन यांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि खालून बाहेर पडली पाहिजे. इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. तो सर्वांत हलका, छताशी जमतो आणि वरच्या जाळीतूनच जातो. म्हणून एक जाळी जमिनीलगत, एक छताखाली. सॉकेट जमिनीपासून दीड फुटाच्या वर घ्यावेत, कारण खाली साठलेल्या वाफेला प्लग काढतानाची ठिणगीही पुरते. अळशीचे तेल लावून पॉलिश केलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. ते तेल वाळताना उष्णता सोडते, बोळ्यात ती कोंडते आणि फडके आपोआप पेट घेऊ शकते. अशी फडकी अंगणात पसरून वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या डब्यात बुडवून ठेवावीत. दार लावून गाडीचे इंजिन चालू ठेवणे तर कोणीच करू नये, कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो.

दिवा छताच्या मधोमध असला तर बेंचवर आपलीच सावली पडते. एक ट्यूब बेंचच्या वर, कामाच्या थोडी पुढे, भिंतीकडे असावी. उजव्या हाताने काम करणाऱ्याने दुसरी डावीकडे घ्यावी. या खोलीची वायरिंग ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून घेतलेली हवी, कारण इथे ओल्या पायांनी उभे राहून ड्रिल चालवले जाते.

हे सगळे लावून झाले तरी पहिला महिना पाटीवरचे हूक आणि रॅकच्या फळ्या पक्क्या आवळू नका. रोज रात्री बेंचवर कोणत्या वस्तू तशाच पडून आहेत ते बघा. टेस्टर दर वेळी बेंचवरच राहत असेल तर त्याचा हूक दोन पावले लांब आहे किंवा खांद्याच्या वर आहे. तो बेंचजवळ आणा. हवा भरायचा पंप कोणी जागेवर ठेवत नसेल तर त्याची जागा सायकलींजवळ करा. महिनाभरात अशा पाचसहा वस्तू जागा बदलतात. मगच मार्करने आकार रंगवावेत आणि नट पान्याने आवळावेत.