मनातली धुसफूस

मुंबई-गोवा महामार्गाने पेण, वडखळ मागे टाकून नागोठण्याकडे निघालो की वाटेत कासू लागते. पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर याच नावाचे लहानसे स्टेशन आहे. २०११ मध्ये पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या पट्ट्यात महामार्गाचे चौपदरीकरण सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. पुढे या पट्ट्याचे पळस्पे ते कासू आणि कासू ते इंदापूर असे दोन तुकडे पाडले गेले. त्यामुळे एरवी फारसे कुणाला ठाऊक नसलेले हे नाव खड्डे, धूळ आणि वाहतूक कोंडीच्या बातम्यांत येत राहिले.

समजा, त्या काळात दोन शिक्षक एकाच एस.टी.ने पेणहून कासूच्या दिशेने शाळेला निघाले. गाडी पाऊण तास अडकली. दोघेही वैतागले, दोघांचाही पहिला तास बुडाला. एकाच्या डोक्यातून ते दुपारपर्यंत निघून गेले. दुसरा मात्र मस्टरवर सही करताना, मधल्या सुट्टीत डबा उघडताना, वही विसरलेल्या मुलावर ओरडताना आणि रात्री जेवायला बसल्यावरही तोच पाऊण तास पुन्हा जगत राहिला. रस्ता दोघांना सारखाच होता. मग फरक पडला कुठे?

आधी शरीराचे पाहू. संकट समोर दिसले की मूत्रपिंडावरील ग्रंथींतून अॅड्रेनलिन रक्तात येते. हृदयाची धडधड वाढते, स्नायू ताणले जातात, पचन मंदावते. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ च्या सुमारास याला ‘लढा किंवा पळा’ अशी सज्जता म्हटले. पाठोपाठ कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते आणि साधारण वीस ते तीस मिनिटांत त्याची पातळी शिगेला पोचते. वाघ समोर आला तर ही व्यवस्था उत्तम. पण वाघ निघून गेल्यावर त्याची आठवण काढून दात-ओठ खाल्ले, तरी शरीर पुन्हा तशीच तयारी करू लागते. गाडीतली कोंडी एकदाची. डोक्यातली दिवसातून वीसदा.

मानसशास्त्रज्ञ या उगाळण्याला गंभीरपणे घेतात, त्याला कारण आहे. सुझन नोलेन-होक्सेमा यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीची पाहणी केली होती. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, तिथे मोठा भूकंप झाला. असा योग संशोधकाच्या वाट्याला क्वचितच येतो. त्यांनी त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा गाठले. ज्यांना आधीपासूनच स्वतःचे दुःख उगाळण्याची सवय होती, त्यांच्यात सात आठवड्यांनंतरही उदासीची लक्षणे जास्त आढळली. इथे आधीची मनःस्थिती जमेस धरलेली होती, हे विशेष.

‘मग सोडून द्या ना तो विचार!’ हा सल्ला आपण मुलांना सर्रास देतो. औषध घेताना माकड आठवू नकोस, असे सांगणाऱ्या वैद्याची गोष्ट आपल्याला ठाऊक आहेच. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर यांनी जवळपास हाच प्रयोग केला. विद्यार्थ्यांना सांगितले, पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. नंतर ‘आता खुशाल विचार करा’ म्हटल्यावर, सुरुवातीपासून मोकळीक मिळालेल्या गटापेक्षा या गटाच्या मनात अस्वल अधिक वेळा आले. विचार आला की नाही हे तपासायलासुद्धा मनाला तोच विचार हाताशी ठेवावा लागतो!

दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे राग बाहेर काढणे. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये ६०० विद्यार्थ्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येकाच्या निबंधावर मुद्दाम जहरी शेरा मारला. मग काहींना, शेरा मारणाऱ्याला मनात आणून, मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारायला लावले, तर काहींना नुसतेच बसवून ठेवले. ठोसे मारणारे अधिक संतापलेले निघाले. नुसते बसलेले अधिक शांत. स्टाफरूममध्ये रोज तीच तक्रार त्याच आवेशात मांडून मन हलके होते, असे मानणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा. (आणि निबंधावर शेरे मारणाऱ्यांनीही.)

दाबून उपयोग नाही, ओकून उपयोग नाही. मग करायचे काय? अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती इथे कामी येते. महाराष्ट्रात ती रुजवण्यात प्रा. किशोर फडके यांचा मोठा वाटा आहे, डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ या संस्थेमुळेही ती अनेकांपर्यंत पोचली. एलिस म्हणतात, घटना आणि आपली भावना यांच्या मध्ये एक समजूत बसलेली असते. आपल्या दुसऱ्या शिक्षकाची समजूत काय? ‘रस्ता चांगला असायलाच हवा, नसला तर मला ते सहनच होणार नाही, आणि याला जबाबदार असलेले सगळे नालायक आहेत.’ यातले ‘रस्ता चांगला असावा’ एवढे अगदी रास्त आहे. गडबड ‘च’ने होते. ‘सहनच होणार नाही’ हे तर खोटेच, कारण गृहस्थ रोज सहन करताहेत. वाक्य बदलून पाहा : ‘हा रस्ता वाईट आहे, मला तो मुळीच आवडत नाही, पण मी तो निभावतो.’ राग शून्यावर येत नाही, येऊही नये. पण संतापाची चीड होते, आणि चीड आलेला माणूस विचार करू शकतो.

हे महत्त्वाचे आहे, कारण ‘नकारात्मकता सोडा’ या उपदेशाचा गैरवापर फार होतो. खड्ड्यांबद्दल बोलणारा नकारात्मक, असे म्हटले की खड्डे बुजवण्याची जबाबदारीच संपते. या महामार्गासाठी लोकांनी आंदोलने केली, मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्या. ते उगाळणे नव्हे. तक्रारीचा अर्ज लिहिला की पुढची पायरी दिसते. मनात घोळवत बसले की मागचीच.

वर्गात करून पाहण्याजोगे दोन उपाय आहेत. एक, धुसफुशीला वेळ नेमून देणे. दिवसभरात त्रासाचा विचार आला की चिठ्ठीवर टिपायचा आणि संध्याकाळच्या ठरावीक अर्ध्या तासात तो पाहायचा. टॉमस बोर्कोव्हेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये काळजी करणाऱ्यांवर ही रीत वापरली, तेव्हा दिवसभराची काळजी कमी झाली. विचाराला ‘येऊ नको’ म्हणण्यापेक्षा ‘सहा वाजता ये’ म्हणणे सोपे! दुसरा, लिहिणे. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर यांनी विद्यार्थ्यांना चार दिवस रोज पंधरा मिनिटे मनातल्या खोल जखमेबद्दल लिहायला लावले. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या सहा महिन्यांत कमी झाल्या. नंतरच्या अनेक प्रयोगांत हा परिणाम लहानच आढळला, तेव्हा त्याला रामबाण समजू नये. असे लिखाण शिक्षकाने तपासायचे नाही, वाचायचेही नाही.

मात्र एखादा मुलगा किंवा मुलगी दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, खेळातही मन लागत नसेल, तर ती धुसफूस नव्हे. नैराश्याचा आजार असू शकतो. तिथे वाक्ये बदलायला सांगत बसू नये. ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे कुणी बोलले, तर दोन आठवडेही थांबू नये. त्याला एकटे न सोडता पालकांना कळवावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. हा क्रमांक शाळेच्या फलकावर लिहून ठेवायला एक खडू पुरतो.