कुणी आणलं?

नोव्हेंबर लागला की भिगवणपासून नीरेच्या काठापर्यंतचे रस्ते उसाच्या ट्रॅक्टरांनी भरून जातात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी, सगळीकडे गाळपाची धांदल उडते आणि बीड-अहिल्यानगरकडून कोयते येऊन उतरतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. फडाच्या कडेला त्यांची कोपी, म्हणजे झोपडी, उभी राहते, अंथरूण भुईवरच पडतं. उसात उंदीर, उंदरांमागे घोणस. मण्यार रात्री कोपीत शिरते.

इंदापूर तालुक्यातल्या एका फिजिशियनकडे जावंसं वाटलं ते त्यांच्या रजिस्टरमुळे. सर्पदंशाचे रुग्ण त्यात हातानं लिहिलेले आहेत: वय, चावल्याची वेळ, दंशाची जागा, प्रतिविषाच्या किती बाटल्या दिल्या. शेवटचा रकाना डॉक्टरांनी स्वतः आखून घेतलेला आहे. त्याच्या डोक्यावर लिहिलंय, ‘कुणी आणलं’. खाली नोंदी: मुकादम. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर. शेतमालकाचा मुलगा. अनोळखी, मोटरसायकलवरून. एका ओळीत नुसतं ‘चालत’. डॉक्टर माणसांबद्दल जे काही बोलतात, ते या रकान्याला धरून बोलतात.

त्या दुपारी आलेली बाई तिशीच्या आतली होती. मोळी बांधताना पाचटाखालून घोणस डाव्या हाताच्या बोटाला चावली होती. हात मनगटापर्यंत सुजलेला, वर कुणीतरी करकचून चिंधी बांधलेली. ती ताबडतोब सोडवली गेली नाही. आधी सुई लागली, मग गाठ जपून सैल केली, कारण एकदम सोडलेल्या गाठीमागून विष वेगानं अंगात पसरू शकतं.

मग नळी. कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं आणि 20 मिनिटं न हलवता उभं ठेवायचं. प्लास्टिकची नळी चालत नाही, साबणानं धुतलेली तर नाहीच. 20 मिनिटांनी नळी आडवी करायची. रक्त गोठलेलं असेल तर थांबून पुन्हा बघायचं. पाण्यासारखं वाहिलं तर विषानं रक्त गोठण्याची ताकद खाल्ली असं समजून प्रतिविष चढवायचं. यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. 20 मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ डॉक्टर खाटेजवळून हलत नाहीत.

त्या 20 मिनिटांत बाई एकच गोष्ट विचारत होती: खाडा धरतील का, म्हणजे बुडालेल्या दिवसाचे पैसे कापतील का? हात राहील का, जीव वाचेल का, यातलं काही तिनं विचारलं नाही. उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, दोघांच्या नावावर घेतलेली. जोडीतलं एक बसलं की दुसऱ्याचंही काम अडतं. मुकादम दाराशी उभा होता. डॉक्टरांनी त्याला आत बोलावलं, तिच्या समोर उभं केलं आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लावलं. तो म्हणाला, नाही धरणार. ते खरं ठरलं की नाही, हे रजिस्टरमध्ये लिहिता येत नाही.

नळीतलं रक्त वाहिलं. बाजूला अ‍ॅड्रेनॅलिनची सिरिंज भरून ठेवली होती, कारण प्रतिविष घोड्याच्या रक्तातून येतं आणि त्याचीच रिअ‍ॅक्शन जिवावर बेतू शकते. दहा बाटल्या सलाइनमधून तासाभरात गेल्या. पुढं दर सहा तासांनी तीच नळी, तीच 20 मिनिटं, शिवाय लघवीचं माप, कारण घोणसीचं विष मूत्रपिंडावर जातं.

मण्यारीची गोष्ट वेगळी. ती माणूस झोपेत असताना चावते, फारसं दुखत नाही, सूजही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही, श्वास मंदावतो. विषानं स्नायू लुळे पडतात. रुग्ण डोळे उघडू शकत नाही, बोट हलवू शकत नाही, पण त्याला ऐकू येत असतं. नातेवाईक रडायला लागतात, कुणी डोक्याशी उभं राहून अंत्यविधीचं बोलतं, आणि तो ते सगळं ऐकतो. श्वास यंत्रानं किंवा हातानं फुगा दाबून चालू ठेवला, तर असे रुग्ण उठून घरी जातात. अशा एका रुग्णानं बरं झाल्यावर खाटेभोवतीची बोलणी डॉक्टरांना सांगितली. तेव्हापासून ते निश्चल पडलेल्या प्रत्येक रुग्णाशी नावानं बोलतात आणि नर्सलाही बोलायला लावतात. वैद्यकानं माणसाकडे बघायची नजर कशी बदलते, याचं इतकं थेट उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

तरुणपणी हेच डॉक्टर मांत्रिकाकडून आलेल्यांवर भडकायचे. आता भडकत नाहीत. ओरडा खाल्लेली माणसं पुढच्या वेळी खोटं बोलतात: चार तास गेलेले असले तरी एकच तास झाला म्हणून सांगतात, आणि उपचाराचा हिशेबच चुकतो. शिवाय पुष्कळ दंश बिनविषारी सापाचे असतात. विषारी सापही कधीकधी विष न सोडताच चावतो. असा माणूस काहीही न करता बरा होणारच असतो. श्रेय मांत्रिकाला मिळतं, आणि अख्खी वस्ती ते डोळ्यांनी बघते. याला अडाणीपणा म्हणणं अन्यायाचं आहे. मध्यरात्री फडात गाडी मिळत नाही, मांत्रिक मिळतो.

उपाय कुणी शोधलेच नाहीत असं मात्र नाही. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी रात्री काढून लक्षणं टिपली आणि प्राझोसिन या साध्या गोळीनं मृत्यू कमी करून दाखवले. पुणे जिल्ह्यातच नारायणगावला डॉ. सदानंद राऊत यांनी जुन्नर तालुक्यातले सर्पदंशाचे बळी शून्यावर आणण्याचा ध्यास घेतला. प्रतिविष बनवणारा कारखानाही त्याच नारायणगावात आहे. 2019 पासून बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. म्हणजे ज्ञान, औषध आणि दवाखाना, तिन्ही याच जिल्ह्यात आहेत. तरीही देशात 2000 ते 2019 या काळात वर्षाला सरासरी 58 हजार माणसं साप चावून गेली, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. इंदापूरचे डॉक्टर हा 58 हजारांचा आकडा पुन्हा पुन्हा सांगतात आणि लगेच रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवतात. त्यांच्या मते यातले बरेच जण फड आणि दवाखाना यांच्यामधल्या वाटेवर गेले.

त्या रकान्यामुळे त्यांचं माणसांबद्दलचं मत कडवट झालं असेल असं वाटतं, पण तसं नाही. ‘अनोळखी’ ही नोंद पानापानावर आहे. नाव न सांगता, पेट्रोलचे पैसे न घेता निघून गेलेली माणसं त्यात आहेत. ‘मुकादम’ म्हणून नोंदलेल्यांतही रात्रभर बाकावर बसून राहिलेले आहेत. पण त्याच मुकादमाला उचलीची वसुली करायची असते, आणि ती पद्धत चालू आहे तोवर बोटाला दंश झालेली बाई आधी खाड्याचंच विचारणार.

बारामती-इंदापुरातल्या ज्यांच्या शेतात यंदा तोड लागेल, त्यांनी इतकं जरूर करावं. कोपीतल्या माणसांना भुईवरून उचलायला खाटा आणि मच्छरदाण्या द्याव्यात. जवळच्या कुठल्या दवाखान्यात प्रतिविष आहे हे आजच विचारून ठेवावं. टोळीतल्या प्रत्येकाला 108 नंबर आणि आपला स्वतःचा नंबर द्यावा. साप चावला तर चिरा देऊ नये, करकचून बांधू नये, साप मारून आणण्यात वेळ घालवू नये. हात-पाय न हलवता माणसाला उचलून थेट दवाखान्यात न्यावं, आणि चावल्याची वेळ खरी सांगावी.