कडू औषध आणि लहान मूल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

एक ते तीन वर्षांचे मूल औषध तीन तऱ्हांनी नाकारते. ते ओठ घट्ट मिटते, तोंडात गेलेले थुंकते किंवा गिळलेले ओकते. तिन्ही वेळा पोटात नेमके किती गेले याचा अंदाज राहत नाही. औषध कमी गेले तर आजार रेंगाळतो आणि अंदाजाने पुन्हा पाजले तर जास्त जाते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी मुलांचे औषध तीन वाटांनी घरात येते: उपजिल्हा रुग्णालय किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून, खाजगी दवाखान्याच्या चिठ्ठीवर मेडिकलमधून, आणि आशा किंवा अंगणवाडी सेविकेच्या हातून. किती द्यायचे हे तिथे सांगितले जाते. कसे पाजायचे, हे मात्र बहुतेकदा घरातल्या जुन्या सवयींवर सोडले जाते. त्यांतल्या काही सवयी निरुपद्रवी आहेत, तर काही जिवावर बेतू शकतात.

गैरसमज १: औषधाला तोंड फिरवणे हा मुलाचा हट्ट असतो.

वस्तुस्थिती: कडू चव नाकारणे ही शरीराची जन्मजात राखण आहे. वनस्पतींतली अनेक विषे कडू असतात आणि ती ओळखण्यासाठी माणसाच्या जिभेवर सुमारे २५ प्रकारचे कडू-ग्राहक असतात. प्रत्येकाची कडवटपणाची जाणीव सारखी नसते. ती काही अंशी आनुवंशिक असते. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कडू चवीशी निगडित एका जनुकाची विशिष्ट जोडी असलेली मुले तशीच जोडी असलेल्या प्रौढांपेक्षा कडवटपणाला अधिक संवेदनशील आढळली. त्यामुळे आईने बोट लावून चाखलेले आणि ‘एवढे काही कडू नाही’ म्हटलेले औषध मुलाला खरोखरच असह्य लागू शकते.

क्लोरोक्विन, मेट्रोनिडाझोल, अझिथ्रोमायसिन, प्रेडनिसोलोन ही औषधे मुळात फार कडू आहेत. कंपन्या त्यांत साखर आणि फळांचा वास घालतात, तरी मागे राहणारी कडसर चव पूर्ण झाकली जात नाही. ही चव घरी कमी करता येते. थंडाव्याने चव बोथट होते, म्हणून औषधाच्या आधी थंड पाण्याचा किंवा दुधाचा घोट द्यावा. साय किंवा लोणी जिभेवर चाटवले तर त्याचा पातळ थर बसतो. औषध गेल्यावर लगेच केळ्याचा मऊ घास किंवा साखरपाण्याचा चमचा दिला की मागची चव लवकर जाते. मात्र जे औषध उपाशीपोटी द्यायला सांगितले आहे, त्याच्या बाबतीत हे डॉक्टरांना विचारूनच करावे.

गैरसमज २: नाक दाबले की तोंड उघडते, मग औषध ओतावे.

वस्तुस्थिती: ही म्हण व्यवहारात कितीही खरी ठरो, औषधाच्या वेळी तसे करणे धोक्याचे आहे. नाक बंद झालेले मूल तोंडाने श्वास ओढते आणि नेमक्या त्याच क्षणी घशात ओतलेले औषध अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकते. रडणाऱ्या, आडव्या निजवलेल्या, हातपाय धरून ठेवलेल्या मुलाला हा धोका आणखी वाढतो. ठसका लागतो, मूल गुदमरते, पुढे न्यूमोनियाही होऊ शकतो.

तेलकट पदार्थ याहून घातक. पूर्वी घरोघरी पोट साफ करण्यासाठी मुलांना एरंडेल पाजले जाई. काही घरांत तान्ह्या बाळाच्या तोंडात किंवा नाकात तेलातुपाचे थेंब आजही सोडतात. तेल श्वासनलिकेत शिरले तरी पाण्यासारखा जोरदार ठसका लागेलच असे नाही. ते गुपचूप फुफ्फुसात उतरते आणि तिथे दीर्घकाळ टिकणारा दाह निर्माण करते. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांनी अशा तेलजन्य न्यूमोनियाचे रुग्ण वेळोवेळी नोंदवले आहेत.

योग्य पद्धत साधी आहे. मुलाला मांडीवर ताठ बसवावे, डोके किंचित वर असावे, मागे कलंडलेले नसावे. बिनसुईची सिरिंज किंवा ड्रॉपर ओठांच्या कडेने गाल आणि हिरडी यांच्या मधल्या खोबणीत न्यावा. अर्धा ते एक मिलिलिटर सोडावे, मुलाने गिळले याची खात्री करावी, मग पुढचे द्यावे. सरळ घशावर पिचकारी मारू नये. मूल हमसून रडत असेल तर दोन मिनिटे थांबावे. दीड-दोन वर्षांच्या मुलाला ‘औषध घ्यायचे का’ असे विचारण्यात अर्थ नसतो. ‘वाटीतून घेणार की सिरिंजने?’ असे विचारले तर निवड त्याची राहते आणि औषधही घेतले जाते.

गैरसमज ३: दुधाच्या बाटलीत मिसळले की मुलाला कळतही नाही.

वस्तुस्थिती: बाटली अर्धी उरली तर औषधही अर्धेच पोटात जाते. शिवाय दूध एकदा कडू लागले की मूल पुढे दुधालाच तोंड फिरवू शकते, आणि आजारपणात तेच त्याचे मुख्य अन्न असते. मिसळणे गरजेचे असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर एका चमच्यात मावेल एवढ्याच मऊ पदार्थात मिसळावे आणि तो चमचा पूर्ण संपवावा.

काही औषधांचे दुधाशी जमतही नाही. अंगणवाडीतून मिळणारे लोह आणि फॉलिक ॲसिडचे सिरप हे रोजचे उदाहरण. ६ ते ५९ महिने वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर असा त्याचा डोस असतो, आणि त्या एका मिलिलिटरात २० मिलिग्रॅम लोह असते. दूध आणि चहा यांमुळे लोह कमी शोषले जाते, तर लिंबासारख्या आंबट फळाने ते अधिक शोषले जाते. लोहाची चव धातूसारखी लागते आणि त्याने दातांवर काळपट डाग पडू शकतात. म्हणून ते जिभेच्या मागच्या भागावर सोडून वरून पाणी पाजावे. डाग वरवरचे असतात. शौचाचा रंग काळा होणे हेही अपेक्षितच असते. त्या कारणाने सिरप बंद करू नये.

गैरसमज ४: चमचा कोणताही चालतो.

वस्तुस्थिती: औषधाच्या चिठ्ठीतला एक चमचा म्हणजे ५ मिलिलिटर. घरातल्या चहाच्या, साखरेच्या, जेवणाच्या चमच्यांत वेगवेगळे प्रमाण मावते. बाटलीसोबत आलेले मापाचे झाकण, ड्रॉपर किंवा सिरिंजच वापरावी, आणि एका औषधाचा ड्रॉपर दुसऱ्याला लावू नये.

सर्वांत मोठी गफलत पॅरासिटॅमॉलमध्ये होते. त्याच्या ‘ड्रॉप्स’मध्ये सहसा दर मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असते, तर सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम, काही सिरपांत २५०. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे १५ मिलिग्रॅम हा नेहमीचा हिशेब धरला तर १० किलोच्या मुलाचा एका वेळचा डोस १५० मिलिग्रॅम होतो. म्हणजे ड्रॉप्स १.५ मिलिलिटर, १२५ चे सिरप ६ मिलिलिटर आणि २५० चे सिरप ३ मिलिलिटर. सिरपचे माप लक्षात ठेवून ६ मिलिलिटर ड्रॉप्स पाजले तर मुलाच्या पोटात चौपट औषध जाते. पॅरासिटॅमॉलचा अतिरेक यकृताला इजा करतो. म्हणून चिठ्ठीवर ‘किती मिली’ यासोबत ‘कोणत्या बाटलीतून’ हेही लिहून घ्यावे आणि पाजण्याआधी बाटलीवरचे लेबल दर वेळी वाचावे.

लेबल वाचण्याचे मोल यवतमाळ जिल्ह्याने अनुभवले आहे. ३१ जानेवारी २०२१ रोजी पल्स पोलिओ मोहिमेत घाटंजी तालुक्यातल्या कापसी-कोपरी गावात पाच वर्षांखालील १२ मुलांना पोलिओच्या थेंबांऐवजी हातांना लावायचे सॅनिटायझर पाजले गेले. मुलांना यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने ती बचावली. प्रशिक्षित हातांकडूनही अशी चूक होऊ शकते, तर रात्री दोन वाजता अर्धवट झोपेत कंदिलाच्या किंवा मोबाइलच्या उजेडात बाटली उचलणाऱ्या पालकांकडून ती किती सहज होईल, हे सांगायला नको.

गैरसमज ५: गोळी कुस्करून मधातून दिली की झाले.

वस्तुस्थिती: एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, बोटभरही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात. मध उकळूनही हे बीजाणू खात्रीने मरत नाहीत. सहा महिन्यांपर्यंत तर आईचे दूध आणि डॉक्टरांनी सांगितलेले औषध याखेरीज दुसरे काहीच नको. सहाणेवर उगाळलेली बाळगुटीही नको.

गोळ्यांचेही प्रकार आहेत. सावकाश विरघळण्यासाठी किंवा आतड्यातच सुटण्यासाठी वेष्टन दिलेल्या गोळ्या कुस्करल्या तर त्यांचे काम बिघडते. याउलट जंतनाशक अल्बेंडाझोलची गोळी लहान मुलाला न चुरता देणे धोक्याचे. राष्ट्रीय जंतनाशक दिनी अंगणवाड्यांत आणि शाळांत ती दिली जाते: एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी, म्हणजे २०० मिलिग्रॅम, आणि दोन वर्षांवरील मुलाला पूर्ण, म्हणजे ४०० मिलिग्रॅम. तीन वर्षांखालील मुलांसाठी ती दोन चमच्यांमध्ये चुरून, पाण्यात कालवून द्यावी, नाहीतर ती घशात अडकू शकते. रडत्या मुलाच्या तोंडात गोळी कोंबू नये.

आता अनेक औषधे पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्यांच्या रूपात मिळतात. जुलाबातली झिंकची गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. मुलांच्या क्षयरोगासाठी तीन औषधे एकत्र असलेली फळांच्या चवीची विरघळणारी गोळी २०१५ च्या अखेरीस जगापुढे आली. त्याआधी मोठ्यांच्या कडू गोळ्यांचे तुकडे करून मुलांना महिनोन्‌महिने द्यावे लागत.

गैरसमज ६: ओकले की लगेच तेवढेच पुन्हा पाजावे.

वस्तुस्थिती: ते वेळेवर अवलंबून असते. अर्ध्या तासाच्या आत सगळे उलटून पडले तर मूल शांत झाल्यावर बहुतेक औषधांचा डोस पुन्हा देता येतो. अर्धा तास उलटून गेला असेल तर औषध बहुतांशी पुढे सरकलेले असते. पुन्हा देऊ नये, पुढच्या वेळेची वाट पाहावी. थोडेसेच थुंकले असेल तर अंदाजाने भर घालू नये. फिट, हृदयविकार किंवा मधुमेहाच्या औषधांत हा निर्णय घरी घेऊ नये. औषध बरे वाटताच थांबवणे हीही तितकीच मोठी चूक. जुलाब तीन दिवसांत थांबले तरी सहा महिन्यांवरील मुलाला झिंक रोज २० मिलिग्रॅम, पूर्ण १४ दिवस द्यायचे असते.

गैरसमज ७: ‘चॉकलेट आहे’ म्हणून दिले तर मूल आनंदाने घेते.

वस्तुस्थिती: आज आनंदाने घेणारे मूल उद्या कपाटापर्यंत पोहोचून अख्खी बाटली पिऊ शकते. औषधाला औषधच म्हणावे. ‘थोडे कडू आहे, मग केळं मिळेल’ एवढे खरे सांगणे दोन वर्षांच्या मुलालाही समजते. ‘घे, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकीही नको. तिने औषध जाते एकदा, दवाखान्याची भीती मात्र टिकते.

बाटल्या उंचावर, कुलपात ठेवाव्यात. कापसाच्या पट्ट्यातल्या घरांत फवारणीचे औषध आणि रॉकेलही असते. ते पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवू नये. मुलाने काही भलते प्यायलेच, तर मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये. ओकताना ते फुफ्फुसात जाऊ शकते. बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.

गैरसमज ८: गोड सिरप निरुपद्रवी असते.

वस्तुस्थिती: गोडवा सुरक्षिततेची खूण नव्हे. डायएथिलिन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारे रसायन चवीला गोडच लागते. १९३७ मध्ये अमेरिकेत ते रासबेरीच्या चवीच्या एका औषधात द्रावक म्हणून वापरले गेले आणि शंभरहून अधिक माणसे दगावली. विदर्भाच्या सीमेला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोल्ड्रिफ या खोकल्याच्या सिरपाने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. त्यांतली अनेक मुले उपचारांसाठी नागपूरला आणलेली होती. तामिळनाडूतल्या तपासणीत त्या सिरपात ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल सापडले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने स्पष्ट केले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सर्वसाधारणपणे टाळावीत. बहुतेक सर्दी-खोकला आपोआप बरा होतो. मुलाशी झगडून पाजले जाणारे असे सिरप पुष्कळदा मुळात लागतच नाही. म्हणून मेडिकलमधून विचारून आणलेले किंवा शेजारच्या मुलाचे उरलेले सिरप देऊ नये.

गैरसमज ९: सुई किंवा सलाईन दिले की पाजण्याची कटकट वाचते आणि गुणही लवकर येतो.

वस्तुस्थिती: मूल पिऊ शकत असेल तर बहुतेक आजारांत तोंडाने दिलेले औषध पुरेसे असते आणि अधिक सुरक्षितही. जुलाबात ओआरएस चमच्याचमच्याने पाजले तर बहुतेक मुलांना सलाईनची गरज पडत नाही. उलटी झाली तर १० मिनिटे थांबून आणखी सावकाश पाजावे.

सगळे उपाय करूनही औषध आत जात नसेल तर ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. तेच औषध विरघळणाऱ्या गोळीत, कमी मापात, दिवसातून कमी वेळा, किंवा तापाच्या बाबतीत गुदद्वारातून देण्याच्या रूपात मिळू शकते. मूल पाणीही पोटात ठेवत नसेल, झोपाळलेले किंवा निपचित असेल, औषध पाजताना ठसका लागून श्वास जोराने चालू लागला असेल किंवा ओठ निळसर पडले असतील, तर घरी थांबू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून जवळच्या रुग्णालयात न्यावे.