डॅकसाठी स्ट्रीमरची निवड : घरचे ध्वनियंत्र, भाग ६

नेटवर्क स्ट्रीमर घरातल्या वायफायवरून किंवा लॅनच्या केबलवरून डिजिटल संगीत घेतो आणि डॅकच्या हवाली करतो. डॅक म्हणजे आकड्यांपासून ध्वनीचा विद्युत संकेत तयार करणारे यंत्र. त्याची ओळख मागील भागात झाली आहे. चांगला डॅक घरात आधीच असेल, तर स्ट्रीमरकडून एकच अपेक्षा उरते. फाइलमध्ये जे आकडे आहेत तेच, त्याच क्रमाने, न बदलता पुढे गेले पाहिजेत. ध्वनीचा पोत ठरवतात ते स्पीकर, खोली, अ‍ॅम्प्लिफायर आणि काही अंशी डॅक. दोन स्ट्रीमर आकडे जसेच्या तसे पोचवत असतील, तर महागड्या यंत्राने गाणे अधिक ‘मोकळे’ वाजते या दाव्यावर पैसे लावू नयेत. स्ट्रीमर निवडायचा तो संगीताचा स्रोत, जोडणी आणि सॉफ्टवेअरचे आयुष्य या तीन गोष्टी पाहून.

पहिला प्रश्न संगीत कुठून येणार हा. स्ट्रीमिंग सेवा यंत्रापर्यंत दोन रीतींनी पोचते. स्पॉटिफाय कनेक्ट किंवा टायडल कनेक्ट यांसारख्या रीतीत फोन फक्त रिमोटचे काम करतो. गाणे इंटरनेटवरून थेट स्ट्रीमरवर उतरते. फोन घेऊन कोणी घराबाहेर पडले तरी वादन चालू राहते. गूगल कास्टही मुख्यतः असेच चालते. अ‍ॅपलच्या एअरप्लेमध्ये मात्र बहुतेक वेळा गाणे आधी फोनवर येते आणि तिथून स्ट्रीमरकडे जाते. शिवाय एअरप्लेची मजल साधारणपणे सीडीच्या दर्जापर्यंत, म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झपर्यंत, कास्टची २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झपर्यंत. अ‍ॅपल म्युझिकने २०२१ मध्ये लॉसलेस संगीत आणले, पण बहुतेक स्ट्रीमरवर ती सेवा एअरप्ले किंवा कास्टच्या मार्गानेच येते, त्यामुळे वरची मर्यादा तिथेही लागू होते. ब्लूटूथ हा डॅकसाठीचा मार्ग नव्हे. सीडीच्या दर्जाला सेकंदाला १,४११ किलोबिट लागतात. एलडॅक या वरच्या दर्जाच्या ब्लूटूथ पद्धतीचीही धाव ९९० किलोबिटपर्यंतच आहे.

टायडल आणि कोबझ या सेवांची नावे परदेशी परीक्षणांत सतत येतात. लंडन किंवा न्यू जर्सीतल्या मराठी घराला त्या उपयोगाच्या आहेत. भारतात मात्र त्यांची अधिकृत विक्री झालेली नाही. म्हणून खोक्यावरची सेवांची लांबलचक यादी पाहून भुलू नये. घरात प्रत्यक्ष ज्या सेवेची वर्गणी भरली जाते, ती कोणत्या मार्गाने यंत्रावर येईल एवढे नीट विचारावे.

स्वतःचा संग्रह असणाऱ्यांचे प्रश्न वेगळे. सीडी फ्लॅक स्वरूपात उतरवून संगणकावर किंवा नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीवर) ठेवल्या असतील, तर स्ट्रीमरला डीएलएनए किंवा लिरियन म्युझिक सर्व्हर, निदान नेटवर्कवरचे सामायिक फोल्डर तरी वाचता आले पाहिजे. इथे खंड न पडता वाजवण्याची क्षमता अत्यंत महत्त्वाची ठरते. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात विलंबित ख्याल एका ट्रॅकवर आणि द्रुत पुढच्या ट्रॅकवर कापलेला असतो, पण तानपुरा मधे थांबलेला नसतो. ही क्षमता नसलेल्या यंत्रावर ट्रॅक बदलताना तानपुरा क्षणभर तुटतो आणि गायकाने अर्ध्या तासात बांधलेले वातावरण तिथेच विस्कटते. सुटी गाणी ऐकणाऱ्याला हा दोष वर्षानुवर्षे कळतही नाही. ख्याल ऐकणाऱ्याला पहिल्याच दिवशी खटकतो. विक्रेत्याकडे यंत्र तपासायचे तर असाच एखादा जोडट्रॅक सोबत न्यावा.

संग्रहाच्या बाबतीत अ‍ॅपही पारखून घ्यावे. फ्लॅक फाइलमधली माहिती यूटीएफ-८ मध्ये साठवली जाते, त्यामुळे देवनागरी नावे त्यात बिनदिक्कत राहतात; ती पडद्यावर नीट दिसणे आणि शोधल्यावर सापडणे हे अ‍ॅपवर अवलंबून. भावगीतांच्या संग्रहात कवी, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावे लागतात. अनेक अ‍ॅप ‘आर्टिस्ट’ या एकाच रकान्यावर भागवतात. संगीतकाराच्या नावाने यादी लावता येत नसेल, तर हजार गाण्यांच्या संग्रहात श्रीनिवास खळे यांच्या चाली एकत्र शोधताना दमछाक होते.

आता जोडणी. डॅकच्या मागे साधारणपणे कोअ‍ॅक्सियल, ऑप्टिकल आणि यूएसबी अशा तीन डिजिटल जागा असतात. पहिल्या दोन एस्पीडीआयएफ या पद्धतीच्या. सोनी आणि फिलिप्स यांच्या नावांवरून ते नाव पडले. या पद्धतीत संगीताच्या आकड्यांसोबत वेळेचा ठेकाही त्याच केबलमधून जातो आणि डॅकला तो त्या प्रवाहातून वेगळा काढावा लागतो. ठेक्यातल्या बारीक डळमळीला जिटर म्हणतात. आजचे बरे डॅक ही डळमळ चांगली शोषून घेतात, त्यामुळे या एका मुद्द्याची धास्ती घेण्याचे कारण नाही.

ऑप्टिकल केबलमधून प्रकाश जातो, वीज नाही. त्यामुळे स्ट्रीमर आणि डॅक यांच्यात विजेचा संबंधच राहत नाही आणि अर्थिंगच्या वेटोळ्यातून येणारी घरघर या वाटेने शिरू शकत नाही. घरातल्या टीव्हीला किंवा सेट-टॉप बॉक्सला जोडलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ‘हम्’ येत असेल, तर पहिला उपाय हाच. मर्यादा वेगाची. ९६ किलोहर्ट्झपर्यंत ऑप्टिकल जोडणी भरवशाची असते. १९२ ला अनेक यंत्रे अडखळतात. कोअ‍ॅक्सियल १९२ पर्यंत सहसा सुरळीत चालते. त्यासाठी ७५ ओहमची केबल घ्यावी आणि तिच्यावर फार खर्च करू नये.

यूएसबीची तऱ्हा निराळी. आजच्या बहुतेक डॅकमध्ये ती असिंक्रोनस असते, म्हणजे ठेका डॅकच्या स्वतःच्या घड्याळाचा असतो आणि डॅक आपल्या गतीने स्ट्रीमरकडून आकडे मागून घेतो. जिटरचा प्रश्न इथे मुळातच सौम्य होतो आणि ३८४ किलोहर्ट्झ किंवा डीएसडी यांसारखी स्वरूपेही जाऊ शकतात. बदल्यात विजेचा थेट संबंध जुळतो आणि स्ट्रीमरचा गोंगाट पाच व्होल्टच्या तारेतून डॅककडे जाण्याची शक्यता राहते. खरा सापळा मात्र वेगळाच आहे. यंत्रामागे यूएसबीचे सॉकेट दिसले म्हणजे त्यातून डॅकला संगीत मिळेल असे नाही. काही ठिकाणी ते पेन ड्राइव्हसाठी असते, तर विम प्रोसारख्या यंत्रात यूएसबी-सी फक्त वीज घेण्यासाठी आहे. तांत्रिक माहितीत ‘यूएसबी ऑडिओ आउट’ असे स्पष्ट लिहिलेले असेल तरच ते धरावे. काही डॅकवर एचडीएमआयच्या आकाराची आयटूएस जोडणीही असते. तिच्या पिनांची मांडणी सर्व कंपन्यांची एकसारखी नाही. दोन्ही यंत्रे एकमेकांशी जुळतात याची खात्री नसेल तर ती वाट सोडून द्यावी.

आकडे न बदलता जातात की नाही हे घरच्या घरी पाहता येते. ज्या डॅकवर सॅम्पल रेट दाखवणारा पडदा असतो, त्यावर ४४.१, ९६ आणि १९२ च्या तीन फाइली लागोपाठ वाजवाव्यात. प्रत्येक वेळी आकडा बदलला, तर निदान सॅम्पल रेट शाबूत आहे. काहीही वाजवले तरी ४८ च दिसत असेल, तर मधे कुठेतरी संगीत नव्याने मोजून टाकले जात आहे. त्याहून कडक कसोटी डीटीएस संकेत असलेल्या वेव्ह फाइलची. ती ऑप्टिकलने होम थिएटरच्या रिसीव्हरला द्यावी. रिसीव्हरने ‘डीटीएस’ ओळखले, तर आकडे शाबूत आहेत. एखाद्या बिटाचाही बदल झाला की ओळख पटत नाही आणि नुसती खरखर ऐकू येते. ही चाचणी करताना आवाज कमी ठेवावा.

सॉफ्टवेअरच्या आयुष्याकडे ग्राहकाचे सर्वांत कमी लक्ष जाते, आणि नुकसान होते ते इथेच. क्रोमकास्ट ऑडिओ हे २०१५ चे छोटे, स्वस्त आणि ऑप्टिकल जोडणीचे यंत्र २०१९ मध्ये बंद झाले. तरी ती यंत्रे घरोघरी चालू होती. मार्च २०२५ मध्ये एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली आणि ती काही दिवस ठप्प झाली. गूगलने दुरुस्ती पाठवली, पण यंत्राचा श्वास कोणाच्या हाती आहे ते दिसून आले. उलट उदाहरण स्क्वीझबॉक्स या स्ट्रीमर मालिकेचे. लॉजिटेकने २०१२ मध्ये ती मालिका थांबवली, तरी तिचे सर्व्हर सॉफ्टवेअर मुक्त स्रोताचे असल्याने स्वयंसेवकांनी ते जिवंत ठेवले; तेच आज लिरियन म्हणून चालते. एमक्यूए या ध्वनिस्वरूपाच्या पाठिंब्यासाठी जादा पैसे मोजणाऱ्यांनाही असाच धडा मिळाला, कारण टायडलने २०२४ मध्ये ते स्वरूप सोडून दिले. एका कंपनीच्या मालकीच्या सोयीपेक्षा अनेकांनी स्वीकारलेल्या पद्धती टिकाऊ ठरतात.

प्रत्यक्ष निवडीत दोन वाटा समोर येतात. तयार यंत्र हवे असेल, तर विम प्रोसारख्या स्ट्रीमरमध्ये कोअ‍ॅक्सियल, ऑप्टिकल, लॅन, एअरप्ले आणि कास्ट हे सगळे आहे. बहुसंख्य घरांना एवढे पुरते. त्याच कंपनीच्या महागड्या अल्ट्रामध्ये पडदा आणि यूएसबी ऑडिओ आउट मिळतो, पण एअरप्ले नाही. आयफोनच्या घरात वरचे मॉडेल गैरसोयीचे ठरावे, ही गोष्ट किंमत पाहून लक्षात येत नाही.

दुसरी वाट रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाची. २०१९ च्या पाय ४ वर मूड ऑडिओ किंवा व्होल्युमिओ हे सॉफ्टवेअर टाकले आणि यूएसबीने डॅक जोडला, की उत्तम स्ट्रीमर तयार होतो. त्याआधीच्या पाय ३ मध्ये लॅन आणि यूएसबी एकाच मार्गावर होते. पाय ४ मध्ये ते वेगळे झाले, म्हणून यूएसबी डॅकसाठी तो उजवा. यासाठी थोडी जुळवाजुळव करण्याची हौस हवी. वीज अचानक जाणाऱ्या गावात पायचे मेमरी कार्ड बिघडण्याचा धोका असतो. इन्व्हर्टरच्या लाइनवर जोडणी घ्यावी आणि कार्डाची एक प्रत काढून ठेवावी.

नेटवर्कचा बाऊ करू नये. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचे संगीत न दाबताही सेकंदाला सव्वानऊ मेगाबिटच्या आत राहते, म्हणजे साधी लॅन केबल सहज पुरते. राउटर आणि यंत्र यांच्यात आरसीसीची भिंत असेल तर मात्र ५ गिगाहर्ट्झचे वायफाय दुबळे पडते. तिथे केबल ओढणे किंवा २.४ गिगाहर्ट्झवर जाणे बरे.

जोडणी झाल्यावर स्ट्रीमरमधला इक्वलायझर आणि आवाज समपातळीवर आणणारी सोय बंद करावी, आणि डॅकला किंवा अ‍ॅम्प्लिफायरला स्वतःचे बटण असेल तर स्ट्रीमरचा आवाज शंभर टक्क्यांवर कायम करावा. त्याआधी अ‍ॅम्प्लिफायरचे बटण पूर्ण खाली आणायला विसरू नये. पूर्ण पातळीचा संकेत एकदम सुटला तर स्पीकरला इजा होऊ शकते. डीएसडी डॉपच्या रूपात, म्हणजे नेहमीच्या डिजिटल प्रवाहात गुंडाळून, पाठवताना तर स्ट्रीमरच्या आवाजाला हात लावूच नये. आकडे बदलले, की डॅकला डॉपची खूण ओळखता येत नाही आणि संगीताऐवजी निव्वळ खरखर बाहेर पडते.